बाईला बघायला येणार होते

आप्पा, नातीने घरात टेरिअर आणली आहे. खरंच! ओंजळभर पिल्लू, पण माझ्याकडे असं बघते जसं घर तिचं आणि मीच भाड्याने राहते. नात मोबाइलमधून वाचून दाखवत होती, या जातीचं कुत्रं कसं असावं ते, आणि मी तिच्याआधीच पुढचं बोलत गेले. पाठ आखूड, पुढचे पाय बंदुकीच्या नळीसारखे सरळ, डोळे बारीक नि काळेभोर, कान पुढे मुडपलेले, शेपूट उभी. "आजी, तुला कसं पता?" म्हणाली. आता मी दुसरीपर्यंत शिकलेली, मला दुसरं काय पता असणार! तुम्ही पाढ्यांच्या जागी हेच तर पाठ करून घेतलं होतं. "केस कसे हवेत?" तुम्ही विचारायचे, आणि मी ओरडायची, "नारळाच्या काथ्यासारखे!" मऊ केसांची टेरिअर म्हणजे बिनमिठाची दाळ, हे तुमचंच. कात्री लावायची नाही, जुने केस चिमटीने उपटायचे. तुमचा अंगठा कायम लाल असायचा.

ते मध्य भारत राज्याचे दिवस. संस्थान गेलं होतं आणि तुम्ही ज्या सरदारांच्या कुत्र्यांवर कामाला होता, ते एकेक कमी करत होते. घोडे गेले, मोटार गेली, मग कुत्रे. उरली ही एक पांढरी, पाठीवर काळा डाग असलेली. तिचं इंग्रजी नाव आईच्या जिभेवर बसेना, म्हणून आई तिला बाई म्हणायची. महूचे एक रिटायर फौजी साहेब टेरिअर पाळत. त्यांना बाई पसंत पडली तर तिच्याबरोबर तुम्हालाही ठेवून घेणार होते. नाहीतर महिना संपला की नोकरी नाही आणि तबेल्यामागची आपली खोलीही नाही. आई भांडी घासून एका कोपऱ्यात लावायची, पण पोत्यात भरायची नाही. भरली तर अपशकुन.

साहेब यायचे त्या सकाळी तुम्ही मोच्याकडे पट्टा आणायला जाता. इकडे आई काय करते? बघायला येणार आहेत ना, म्हणून बाईला पाटावर घेते, अंगभर खोबरेल चोळते आणि शिकेकाईने न्हाऊ घालते. सियागंज बाजारातली चांगली शिकेकाई, आमच्या केसांना सणालाच मिळायची! वर कपाळाला कुंकू. मी पाणी ओततेय, मला तर लग्नघरच वाटतंय.

तुम्ही आलात, बाईच्या पाठीवरून हात फिरवलात, आणि हात तिथेच थांबला. कापूस झाला होता नुसता.

"हे काय केलंस?"

"अहो, दाखवायची मुलगी काय पारोशी दाखवतात?"

तुम्ही मुलतानी माती मागितलीत आणि तेल ओढून घ्यावं म्हणून कोरडीच चोळत बसलात. तेवढ्यात बाहेर जीप वाजली.

साहेबांनी पाय पाहिले, दात पाहिले, मान डोलावली. मग पाठीवर हात ठेवला तर धूळ उडाली. "ये क्या है? टेरिअर है कि खरगोश?"

"साहब, कल तक ठीक था," तुम्ही खाली बघत म्हणालात. "घर में नहला दिया."

दाराआडून आई म्हणाली, "मैंने नहलाया. देखने आनेवाले थे, तो क्या ऐसेच दिखाती?"

साहेबांनी रुमालाला हात पुसला आणि जीपमधून आपला कुत्रा उतरवला, बाईच्या दीडपट. तुम्ही सांगायचे, खरी परीक्षा हीच, दोघांना समोरासमोर धरायचं. भुंकली तर भित्री, मागे सरली तर बाद, चावायला धावली तर बिनडोक. तो कुत्रा गुरगुरत दोरी ताणतोय. बाई गप्प. चवड्यांवर उभी, मान ताठ, कान पुढे, शेपूट सरळ वर, कपाळावर अर्धं पुसलेलं कुंकू, आणि नजर त्याच्या नजरेत. साहेब बघताहेत. शेवटी त्या मोठ्या कुत्र्यानेच तोंड फिरवलं.

"बाल तो फिर आ जाएंगे," साहेब म्हणाले. "ये नहीं आता." मग तुम्हाला म्हणाले, "सोमवार से आ जाओ. और घर में बोलना, तेल मत लगाना."

महूला जाताना वाटेतल्या राऊ गावापर्यंत आई टांग्यात एक शब्द बोलली नाही. राऊ मागे पडलं तशी म्हणाली, "तेल होतं म्हणून उठून दिसली." तुम्ही इतके हसलात की टांगेवाला मागे वळला, "क्या हुआ भिया?" मग त्याला तुम्ही बाई कशी उभी राहिली ते सगळं सांगितलंत, कान, शेपूट, नजर, अगदी कुंकवासकट.

नातीला ही गोष्ट रोज हवी असते. "लिहून टाक, मी टाईप करते," म्हणाली. मी नको म्हटलं. हा कागद तिला द्यायचा नाही आणि कुठे पाठवायचाही नाही. कारण आप्पा, बाई कशी उभी होती ते मी पाहिलंच नव्हतं. टांग्यात ऐकलं तेच आजवर सांगत आले. मी तेव्हा दोरी धरलेल्या तुमच्या हाताकडे बघत होते. दोरी आवळून तुमचा लाल अंगठा पांढरा पडला होता.