बेंजोची घूं

बाबा, तुमच्या बेंजोची घूं अमेरिकेतही सुटली नाही. नागपूरहून इतक्या लांब आणला, त्याच्या बटणांच्या रांगा बघून चक्रावलेल्या विमानतळावरच्या माणसाला "टाइपरायटर नाही हो, वाद्य आहे" म्हणून समजावलं, आणि आमच्या इथल्या नोव्हाय गावच्या शाळेच्या हॉलमध्ये वायर लावल्याबरोबर स्पीकरमधून तोच आवाज, घूंऽऽ. मेलं, वाटलं होतं इथली वीज तरी शहाणी असेल.

जयंतीच्या कार्यक्रमाची रिहर्सल होती. वाजवणार होती तुमची नात. तुम्ही गेलात तेव्हा ती जन्मलीही नव्हती, पण तुमच्या गायन पार्टीची जुनी कॅसेट ऐकून ऐकून तिने तुमचं एक गाणं बोटांत बसवलंय. हट्टी आहे, कुणावर गेली ते सांगायला नको. घूं ऐकली आणि हातच काढून घेतला. "मम्मा, सो एम्बॅरसिंग! आय एम नॉट डुइंग धिस." कमिटीतल्या काकूंना तेवढंच हवं होतं. "अगं, कॅन्सल करा तो आयटम, त्यापेक्षा ट्रॅक लावू, छान डान्स करेल ती." माझं डोकंच फिरलं. तुमचं वाद्य कपाटात आणि पोरगी ट्रॅकवर नाचणार? आणि मी, दिवसभर गाड्यांच्या वायरिंगची डिझाइनं करणारी इंजिनिअर, तिथे वायर हलवत नुसती बघत उभी.

आपल्या वस्तीतलं स्टेज आठवलं. चार चौक्या जोडलेल्या, वर सतरंजी, आणि तुम्ही मांडी घालून बसलेले आहात. दोन गाण्यांच्या मध्ये तुम्ही तारांवर पंजा ठेवता, घूं दबते. पंजा उचलला की पुन्हा घूं, आणि अख्खी वस्ती गप्प, कारण आता गाणं येणार. एकदा मी मागून हळूच वायर चाचपायला गेले, तर भर स्टेजवर खेकसलात, "वायरीले हात नको लावू म्हनलं ना! घूं येते म्हनजे लाइन जित्ती हाय." केवढी रडले होते मी. घरी गेल्यावर आईला न विचारता तुम्ही चुलीपाशी बसून मला गुळाचा चहा करून दिलात, आणि तो इतका गोड झाला की शेवटी दोघांनी मिळून संपवला.

इथे धावून आले साउंड बघणारे काका. पुण्याचे आहेत, आठवडाभर सॉफ्टवेअर आणि शनिवारी हे. म्हणाले, "एवढी लांब वायर थेट मिक्सरला नेलीत तर ती गाणारच हो!" त्यांनी डीआय बॉक्स आणला, जेवणाच्या डब्याएवढी लोखंडी पेटी. बेंजोची छोटी वायर तिच्यात आत, आणि दुसऱ्या बाजूने माइकची लांब वायर पार मिक्सरपर्यंत. नातीला स्वतःचं ऐकू यावं म्हणून तिच्या शेजारी एक छोटा अँपही त्याच पेटीतून जोडला. आवाज एकदम मोकळा आला. घूं कमी झाली, पण गेली नाही. काका मिक्सरवरून ओरडले, "ताई, पेटीवरचं ग्राउंडचं बटण दाबा!" दाबलं, आणि हॉल असा शांत झाला की कुणाचा तरी खोकला ऐकू आला. पोरगी माझ्याकडे बघून हसली आणि मांडी घालून बसली.

काल कार्यक्रमात तिने वाजवलं, बाबा. दुसऱ्या कडव्याला चुकली, सावरलं. त्याच काकू पहिल्या रांगेत टाळ्यांचा ठेका धरून बसल्या होत्या. घरी येताना गाडीत विचारत होती, आजोबांचं दुसरं कुठलं गाणं आहे म्हणून. कॅसेट अजून अर्धी बाकी आहे.

हे कुठल्या पत्त्यावर टाकू? बेंजोच्या पेटीतच ठेवते. एवढं मात्र तुम्हालाच सांगते. काकांनी ओरडून सांगितलं तेव्हा मी ते बटण लगेच दाबलं नाही. ऐकूच आलं नाही असं दाखवून तशीच वाकून बसले. घूं चालू होती, आणि मला वाटत होतं, तुम्ही आत्ताच पंजा उचललाय, आता गाणं येणार. मग दाबलं. आणि आलं, बाबा.