सांभार

मयुरी,

काल नागभीडले चंदाबाईच्या खानावळीत तू जे केलं, ते मले अजून पचून नाई राह्यलं. कॉलेजात असताना आपण तिथंच पाटोडीच्या रश्श्यावर तुटून पडत होतो. तू पुण्याच्या मित्रायले तिथंच आणलं म्हणून मी किती खुश होती! अन् तू मोबाइलवर व्हिडिओ सुरू करून म्हणते, "चंदाबाई, जरा सांभार आणा ना."

आपल्याकडं सांभार म्हणजे कोथिंबीर, हे तुले चांगलं ठाऊक होतं. तुह्या मित्रायले वाटलं इडलीसोबतचं सांबार. चंदाबाईनं हिरवागार सांभार चिरून साऱ्यायच्या ताटात मूठमूठ टाकला, तर ते पोट धरून हासले. सगळ्यात मोठ्यानं तू हासली.

पुण्याले नवीन गेली तवा भाजीवालीले सांभार मागितला, म्हणून भर बाजारात लोकं तुलेच हासले होते ना? फोनवर किती रडली माह्याजवळ! "मी एवढी गावंढळ आहो काय वं?" विसरली? का तेच हासणं चंदाबाईसाठी जपून ठेवलं होतं?

तुम्ही गेल्यावर तिनं मले बाजूले बोलावलं. "पोरं काऊन हासत होते वं? सांभार कमी पडला काय?"

मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार होती?

"मयुरीले सांगजो," ती म्हणाली, "पुढच्या वेळेस तिच्यासाठी जास्त चिरून ठेवीन."

हा निरोप मी तुले द्यायलेच नको होता. तुही तेवढी लायकी नाई.

अजूनही तिथंच जेवणारी,
उर्वशी