पाणकणसातला बगळा

१४ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही दोघं खुशाल. आईची भूक चांगली आहे आणि जिभेची धारही शाबूत आहे. अक्षर मोठं आलंय, ते नव्या पेनामुळे. भाऊजींना नमस्कार सांग.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं, आई माझ्याकडे असली तरी मी दिवसभर बस चालवणार, आणि तिला आता नसलेल्या गोष्टी दिसायला लागल्यात. तेव्हा एखादा वृद्धाश्रम बघ. तू लगेच शोधायला लागलीस. ते थांबव. कारण सांगतो, पण आधी तो बगळा.

खिडकीखालच्या तळ्यात पाणकणसाच्या दाटीत तो राहतो. जेमतेम कबुतराएवढा. अंग मातकट पिवळं, डोक्यावर काळी टोपी, गळ्यावर उभ्या तपकिरी रेघा. पाण्यात उतरायचा कंटाळा, म्हणून एका पायात एक देठ, दुसऱ्यात दुसरा धरून फाकून उभा राहतो आणि माशाची वाट बघतो. मान एरवी खांद्यात गिळलेली. मासा आला की सपकन बाहेर. चाहूल लागली तरी पटकन उडत नाही. चोच आभाळाकडे करून ताठ होतो, म्हणजे रेघा देठांत मिसळून जातात. वाऱ्याने कणसं डुलली की हाही डुलतो. पक्का लबाड.

हे सगळं वर्णन आईचं. मी त्याला एकदाही पाहिलेलं नाही. ती रोज दाखवायची, मी रोज बघायचो, मला नुसतं हिरवं दिसायचं. मग मी ठरवलं, म्हातारीला भ्रम झाला.

रविवारी खालच्या मजल्यावरची शिंपीण माझी युनिफॉर्मची पँट द्यायला आली. खिडकीशी जाऊन म्हणाली, "अगं बाई, केवढासा बगळा! काकू, मान बघा त्याची!"

"कुठे?" मी विचारलं.

"तो काय समोर! थट्टा करता का, दादा?"

मी बघितलं. हिरवं होतं. तेवढ्यात दोघी एकदम म्हणाल्या, "गेला, गेला!" मला तेही कळलं नाही.

ती गेल्यावर वाटलं, आता आई माझी हजेरी घेणार. पण तिने एवढंच विचारलं, "स्टॉपवरची माणसं दिसतात का रे तुला?"

"दिसतात."

"खरं सांग."

"हात केला की दिसतात."

ताई, हे बोललो आणि माझा मीच घाबरलो. माझ्या रूटवर शाळेचा स्टॉप आहे. लहान मुलं हात करत नाहीत, धावत सुटतात.

सोमवारी डेपोत जाऊन साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी गाडी काढून घेतली. डोळ्यांच्या डॉक्टरांचा कागद आण, मग बघू म्हणाले. स्टिअरिंग परत हातात येईल की नाही, कोण जाणे. मला भीती वाटते, बाकी काय लिहू. दवाखान्यात आई बरोबर येणार आहे, फलक वाचायला.

हे पत्र तिला वाचायला दिलं. वृद्धाश्रमाच्या ओळी तिने दोनदा वाचल्या. मला फार लाज वाटली. नव्या पेनाचं ते खोटं वाक्य मी खोडायला घेतलं, तर म्हणाली, "राहू दे. ताईला कळू दे, तू कसा आहेस ते."

पाकिटावरचा पत्ता तिनेच लिहिलाय. अक्षर बघ तिचं, किती बारीक.

आता आईकडे राहणारा,
तुझा धाकटा