मुराळी गेला डिमसमला

ईट, ता. भूम
पंचमी होऊन गेल्यावरचा सोमवार

प्रिय सरदार यास,

ईटच्या गिरणीवाल्या बब्रुवानचा रामराम, सलाम आणि पाठीत एक गुद्दा, तिन्ही पोचते करून घ्यावेत. झरीनभाभींना नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? तुझ्या पोरानं, माजनं, तुला पुण्यात लिफ्टच्या इमारतीत ठेवलंय म्हणजे त्यांना काही काम नसेल, पण शिलाई मशीन सुटलं की शिंप्याचे गुडघे जास्तच कुरकुरतात, असं इथं सगळे म्हणतात (सगळे म्हणजे मी). आमच्याकडं सर्व क्षेम. धुरपदाची तब्येत माझ्यापेक्षा बरी आहे. माझी तब्येत हा तिचा बोलण्याचा विषय आहे, तेव्हा ती मीही सांभाळून आहे. फोन केला असता, पण फोनवर तू नुसता ‘हां हां’ करतोस आणि मी बोलायला लागलो की धुरपदा मध्येच फोन घेऊन भाभींना लोणच्याचं विचारते. काम नाजूक आहे, म्हणून पत्र.

काम असं, की पुण्यात डिमसम कुठं चांगले मिळतात याचा तपास करून मला सविस्तर कळव.

हसून झालं असेल तर पुढं वाच. डिमसम हा चिनी लोकांचा पदार्थ. पातळ पारीत सारण भरायचं, कडेला मुरड घालायची आणि वेळूच्या चिमुकल्या टोपल्यांत ठेवून वाफवायचं. म्हणजे आपली दिंडंच की रे! पंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही, म्हणून आपल्या बाया पुरणाची दिंडं उकडतात, आणि लहानपणी आमच्या आईनं चाळणी उतरवायच्या आत तू दारात हजर असायचास. चिनी लोकांत पंचमी असते का, हे मी विचारलं नाही. पण त्यांच्यातही कुणीतरी एखाद्या सणाला तवा बंद केला असणार, त्याशिवाय हे सुचायचं नाही.

आता हे माझ्या तोंडापर्यंत कसं आलं ते सांगतो. यंदा शिवांजलीला पंचमीला आणायला मुराळी म्हणून मीच गेलो. आम्हाला मुलगा नाही, पुतण्या दुबईत एसी दुरुस्त करतो, मग मुराळी कोण होणार? मुराळ्याचं काम तरी काय अवघड? जावयाच्या घरी जायचं, लेकीला माहेरी न्यायला आलो म्हणायचं आणि तिला घेऊन एसटीत बसायचं. पंचमीच्या आदल्या दिवशी भल्या सकाळी मी नवी टोपी घालून, शेंगा आणि वाळकं पिशवीत भरून तिच्या दारात उभा राहिलो. पोरीनं दार उघडलं आणि ‘अण्णा!’ म्हणाली. (हे ती अजून आठवीतल्यासारखंच म्हणते. ऐकून मी पिशवी दारातच विसरलो.) जावई श्रीनाथ घरीच होता. दोघं म्हणाले, दुपारचं जेवण बाहेर करू, अण्णांना पुण्यातली दिंडं दाखवू.

पहिली जागा एका मोठ्या मॉलमध्ये होती. तिथं दारात नाव सांगून बाकावर बसायचं, आणि आतून पुकारा झाला की उठायचं. मी इतकी वर्षं डॉक्टरकडं बसलोय की पुकारा होताच शर्टाची बाही वर करायला लागलो. आमचं नाव येईना, म्हणून उठलो. दुसऱ्या जागेला दुपारी कुलूप. (लोकांना भूक लागते त्याच वेळेला बंद ठेवणारं हॉटेल मी पुण्यातच पाहिलं.) तिसरी जागा कॅम्पात, जिना चढून वर, तुझ्या जुन्या दुकानाएवढी. शिवांजली म्हणाली, इथलेच खरे.

तिथं एक पोरगी टोपल्यांची गाडी ढकलत टेबलाटेबलाशी येते. आता तू सांग, पंगतीत वाढपी समोर आला आणि यजमान शेजारी बसलाय, तर पहिल्या फेरीला नको म्हणायचं का? यजमानाचा अपमान होतो. म्हणून मी मान हलवली. पोरीनं टोपली ठेवली. सगळ्यांना वाढून होईपर्यंत हात लावायचा नाही, म्हणून मी थांबलो. मी थांबलो म्हणून श्रीनाथ थांबला. सासऱ्यांना हे आवडलं नाही वाटतं, असं समजून त्यानं दुसरी टोपली घेतली. मी पुन्हा भिडेपोटी मान हलवली. अशा टोपल्यांवर टोपल्या चढून समोर बसलेली माझी पोर मला दिसेनाशी झाली, आणि पहिल्या टोपलीतले डिमसम गार पडले ते वेगळंच. शेवटी शिवांजली हसायला लागली. हसता हसता तिनं पर्समधून तुपाची एवढीशी डबी काढली, वाढणारी पोरगी पाठमोरी होण्याची वाट पाहिली आणि माझ्या पुढ्यातल्या डिमसमवर तूप सोडलं. दिंडं तुपाशिवाय कशी खायची? सरदार, ती पुण्याची झाली असं मला वाटत होतं. मग मी तेवढा एकच डिमसम बराच वेळ तुपात घोळवत बसलो. आत आळंबी होती म्हणून, असं मी तिला सांगितलं.

श्रीनाथ मोठा अदबीचा. दोनदा म्हणाला, ‘मामा, तुम्हाला काही बोलायचं होतं का?’ मी म्हटलं, हो, हे पीठ कुठल्या गिरणीतलं? फार बारीक दळलंय. शिवांजलीनं विचारलं, ‘आई काय म्हणत होती?’ मग मी आईचा खोकला, म्हशीचं दूध आणि आपल्या वेशीतल्या हातपंपाची सगळी हकीकत सांगितली. गप्पा फार छान झाल्या. तिचा फोनही सारखा वाजत होता. नोकरी म्हटल्यावर सुट्टी कुठली मिळायला! तेव्हा संध्याकाळच्या गाडीनं मी डिमसमचं पार्सल घेऊन परत निघालो.

सकाळी आपल्या स्टँडवर शेजारच्या गजराबाई भेटल्या. ‘लेक कुठाय?’ मी पार्सल दाखवलं. त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘लेकीच्या बदल्यात दिंडं देऊन बोळवण केली व्हय?’ ही बातमी माझ्या आधी घरी पोचली. धुरपदानं पार्सल आपल्या दिंडांबरोबर चाळणीत ठेवून पुन्हा वाफवलं. आतला कोबी चिरलेला होता, पण तो पुण्यात आणि आदल्या दिवशी चिरलेला, तेव्हा दोष आपल्याकडं येत नाही, असा निकाल मीच दिला. तिनं एक खाल्लं. उरलेले झाकून ठेवले. तिनं लेकीसाठी लिंबाला बांधलेला झोका दिवसभर शेजारच्या पोरींनी वापरला, आणि मी गिरणीत कुणाचं काही दळायला आलेलं नसताना उगीच बसून राहिलो.

तेव्हापासून मला डिमसम खावेसे वाटतात. पोरीची लई आठवण येते, हे तुझ्यापाशी लपवून काय करू? पण बापानं कारणाशिवाय लेकीच्या घरी किती वेळा जायचं? डिमसम हे कारण चांगलं आहे. नवं आहे, आणि जावयाला पटण्यासारखं आहे. म्हणून जागा शोध. तूही बरोबर चल, श्रावणात माझ्याबरोबर पालेभाजीचे खा.

तुझाच,
बब्रुवान

ता. क. : जागा शिवांजलीच्या घराजवळ निघाली तर उत्तम. तिला मात्र यातलं काही सांगू नकोस.

आणखी ता. क. : खरं सांगायचं तर पदार्थ मला मुळीच आवडला नाही. चिकट लागतो. तेव्हा चवीकडं पाहू नकोस, वाढायला भरपूर उशीर लावणारी जागा बघ.

भावजी, म्या धुरपदा. पाकीट चिकटवायला ह्यांनी माझ्याकडं दिलं, म्हणून वाचलं. ह्यांचं काय बी ऐकू नका. पोरीचा काल फोन आला, लई रडली. तिनं चार दिवसांची रजा काढली व्हती, पिशवी भरून ठिवली व्हती. जेवून अण्णासंगं निघायचं म्हणून दोघं बी वाट बघत बसली, अन् हे आले, खाल्लं, हातपंपाचं सांगितलं, अन् गेले. ‘चल’ म्हणालेच न्हाईत. तिला वाटलं, माहेरी आता आपली गरज न्हाई. म्या ह्यांना विचारलं, असं का केलं? तर मान खाली घालून म्हणतात, ती नाही म्हणाली असती तर?

भावजी, गौरी-लक्ष्म्यांच्या सणाला मुराळी म्हणून तुम्ही जा. तुम्ही तिचे चाचा हाव, तुमाला हक्क हाय. दारात पाय ठिवल्या ठिवल्या आधी ‘चल’ म्हणा. पानी मंग प्या.