तुझ्या वाटणीचं ‘व्हय म्हाराजा’

प्रिय आते,

काल दादाचा फोन आला. यंदा चतुर्थीला गणपतीपुढे माझ्यासाठी वेगळं गाऱ्हाणं घालणार म्हणाला. “देवाक सांगतंय, माझ्या भैनीक बरी कर.” पण मी आजारी आहे कुठे? फोन ठेवून मी कागद पुढे ओढला. जिच्याशी बोलावं अशी घरात तू एकटीच होतीस, म्हणून तुला लिहितेय.

चाळिशी उलटल्यावर मला कळलं, मला ऑटिझम आहे, जोडीला एडीएचडीसुद्धा, म्हणजे लक्ष ठिकाणावर न राहणं. गोव्यात, पणजीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मेंदूची घडणच जन्मापासून वेगळी असते, त्यात कोणाचा दोष नसतो. मग त्यांनी विचारलं, “घरात आणखी कोणी असं होतं का?” मी तुझं नाव घेतलं आणि तिथेच रडू कोसळलं.

आठवतं तुला? चतुर्थीत भजनवाले आले की मृदंग-टाळांनी माझं डोकं फुटायचं. कान दाबून मी कोपऱ्यात बसायचे. तू गुपचूप येऊन मनगट धरायचीस आणि घरामागच्या मांगरात, त्या गवताच्या खोपटात, पेंढ्यावर नेऊन बसवायचीस. “हंय बस गो बाय. आवाज गेलो काय जाव्या.” मग केरसुणीसाठी झावळीचे हीर काढत बसायचीस. बोलणं नाही, काही नाही. तेवढं सुख मला पुन्हा कुठेच मिळालं नाही गं!

चुलीवरचं दूध तू विसरायचीस. हीर काढायला बसलीस की जेवणही विसरायचीस. पाव्हण्यांच्या तोंडाकडे बघून बोलणं तुला कधी जमलं नाही. सासरच्यांनी परत पाठवलं, तेही त्यापायीच.

दरवर्षी आजोबा तुझ्यासाठी गाऱ्हाणं घालायचे, “हिच्या डोक्यातला खूळ काढून टाक रे म्हाराजा!” सगळं घर म्हणायचं, “व्हय म्हाराजा!” आणि सगळ्यांत मोठ्याने तू! का गं? तुला स्वतःलाही तसंच वाटायचं? एकदा तरी गप्प राहायचं होतंस. तेवढ्यासाठी मी अजून तुझ्यावर रागावलेय.

मी नोकरी करते त्या पतसंस्थेत साहेबांना मी सगळं सांगितलं. माणूस भला. काउंटरच्या गलक्यातून माझं टेबल त्यांनी मागच्या खोलीत हलवलं. कामं आता तोंडी न सांगता लिहून देतात. माझ्या चुका थांबल्या, संध्याकाळची डोकेदुखीही गेली.

पण आता चहाला मला कोणी हाक मारत नाही. “तिका आवाज सोसणा नाय, बसांदे थयसर,” असं बाहेर बोलतात. मला सगळं ऐकू येतं. मी शांतता मागितली होती आते, एकटेपण कुठे मागितलं होतं? चहा मात्र सगळ्यांबरोबर हवा, हे त्यांना कसं सांगायचं? तू असतीस तरी तुलाही सांगता आलं नसतं म्हणा. पण शेजारी येऊन बसली असतीस. मांगरात आपण दोघी होतो.

चतुर्थीला मी घरी जाणार आहे. दादाचं गाऱ्हाणं झालं की मी ‘व्हय’ म्हणणार नाही. आपल्याकडे बायका गाऱ्हाणं घालत नाहीत, ठाऊक आहे. तरी सगळ्यांसमोर मीच घालीन, “बा देवा म्हाराजा, मी आसंय तशीच माका ऱ्हवांदे. माझ्या आतेकव खूळ नव्हता रे म्हाराजा!” कोणी ‘व्हय’ म्हणालं नाही, तर तुझ्या वाटणीचंही मीच म्हणेन. मोठा आवाज मला सोसत नाही, तरीही मोठ्याने.

तुझीच,
बाय