भादव्यातली रुईची बंडी

॥ श्री ॥

बेहडटोला, ३ सप्टेंबर १९५२

ती. सौ. शकुंतलावहिनीस, धुरपताचा सा. न. वि. वि.

इकडे सारे खुशाल आहेत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. खरं म्हणाल तर कोणीच खुशाल नाही. पोळ्यापासून पावसाचा थेंब नाही. धान गर्भात आला अन् शेतातल्या बांध्यांना भेगा पडून राहिल्या. तळं तुमच्या हिवरटोल्याच्या हद्दीत, त्याचं पाणी सोडायचं तुडूम माझ्या दादाच्या ताब्यात. दादा ते उघडेल तेव्हा पाटात पाणी येईल, तोवर आम्ही खालच्या गावानं आभाळाकडे पाहत बसायचं. मागे तळ्याच्या पाळीवर मारामारी झाली, त्यात आमच्या एकाचा हात मोडला अन् तुमच्या एकाचे दात पडले. तेव्हापासून मला माहेरची वाट बंद. आमचे हे म्हणतात, त्या गावात पाय ठेवलास तर तंगडं तोडीन. पोटातलं पोर पाचव्या महिन्याचं आहे, त्याचीसुद्धा भीडभाड नाही. म्हणून ही चिठ्ठी जमुनाबाई बांगड्यावालीच्या टोपलीतून पाठवून राहिली.

काम असं, की यांना कापूस भरलेली रुईची बंडी पाहिजे. जाड पाहिजे म्हणतात. थंडीची तयारी म्हणे. तुमच्या हातची गोधडी अजून अंगावर आहे, एक टाका हलला नाही. माझ्या टाक्यांचं तर तुम्हाला ठाऊकच. तरी कशी भरू, कशी शिवू, ते सविस्तर लिहा. दादाले माझा नमस्कार सांगा. राग असला तरी सांगा.

लोभ आहेच, तो उसवू नये ही विनंती.

आपली, धुरपता


हिवरटोला, ९ सप्टेंबर १९५२

चि. सौ. धुरपताबाईस, शकुंतलाचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

चिठ्ठी बांगड्यांखाली सुखरूप आली. तुमच्या टाक्यांचं मला कशाला सांगता बाप्पा! तुमचा एक टाका हिवरटोल्यात अन् दुसरा बेहडटोल्यात पडतो. लग्नाआधी तुम्ही शिवलेली उशी सासूबाईंनी डोक्याखाली घेतली अन् सकाळी रुई खाटेखाली सापडली होती.

आता नीट वाचा. आतून जुनं धुतलेलं लुगडं घ्या, नवं कापड टोचतं. बाहेरून मांजरपाट. रुई उन्हात तापवून पिंजा, एका जागी गोळा होऊ देऊ नका. दोरा मेणात ओढून घ्या. आधी धावदोरा, मग खांद्यावर अन् बगलेत उलटी टीप, बारीक, नख शिरणार नाही अशी. बांधायचे कस दुहेरी शिवा. कडुनिंबाचा पाला सावलीत वाळवून पेटीत ठेवा, कसर लागत नाही. अन् रुईची वस्तू तळ्यावर धुवायला कधी नेऊ नका. गेल्या वर्षी सासूबाईंची गादी पाण्यात घसरली, तर आम्हा दोघींच्यानं ओढली गेली नाही. भिजलेली रुई धोंड्यासारखी होते.

पण एक सांगा. भादव्यात, अंगातून घामाच्या धारा चालल्या असताना, केवलरामजींना रुईची बंडी कायले पाहिजे? थंडीला अजून दिवाळी जायची आहे. मी अडाणी असेन, पण एवढी नाही.

माया राहू द्या, अन् मला खरं लिहा.

आपली, शकुंतला


बेहडटोला, १६ सप्टेंबर १९५२

ती. सौ. वहिनीस सा. न. वि. वि.

तुमच्यापुढे खोटं टिकत नाही. बंडी थंडीची नाही, लाठीची आहे. इथं घरोघरी हेच शिवणं चालू आहे. दसरा झाला की आमचं सारं गाव तुडुमावर जाणार, कुऱ्हाडीनं फोडणार. यांनी बंडी घालून भावाकडून पाठीत लाठी मारून घेतली अन् हसले. म्हणाले, आता हिवरटोल्याचा बाप आला तरी भीत नाही. वहिनी, हिवरटोल्याचा बाप म्हणजे माझाच बाप ना! मी चुलीपुढे तोंडात पदर कोंबून रडली.

कोणाकडे जाऊ? यांना काही झालं तर मी गेली. दादाले काही झालं तर काय राहिली? दोघांतला एकही मरू नये, एवढंच मागते. म्हणून घरातलं गुपित फोडून राहिली. दादाले पण एक बंडी शिवून द्या. दोघांच्याही अंगावर रुई असली म्हणजे लाठ्या वाजतील, पण हाडं मोडणार नाहीत. चार तडाखे खातील अन् घरी येतील.

यांना कळलं तर मला जिवंत गाडतील. चिठ्ठी चुलीत घाला. लोभ असावा. तुमच्याशिवाय मला कोण आहे?

आपली, धुरपता


हिवरटोला, २४ सप्टेंबर १९५२

चि. सौ. धुरपताबाईस अनेक आशीर्वाद. वि. वि.

बंडी शिवून झाली. आयुष्यात असं शिवणं केलं नाही. लाठी हिसकताना कोणाच्या हातात कस येऊन सुटू नये म्हणून कस पाठीमागे घेतले अन् बगलेपासून कमरेपर्यंत उलटी टीप घातली. हातोडा मारला तरी उसवणार नाही.

तुमच्या दादांना फक्त एवढंच म्हटलं, की खालच्या लोकांना दोन दिवस पाणी सोडा, आपल्या बांध्या काही मरत नाहीत. त्यावर हातातला लोटा फेकून मारला. भुवई फुटली. सुंभ जळेल पण तुमच्या घराण्याचा पीळ जळायचा नाही! हळद दाबली, रक्त थांबलं. लुगड्यावर रक्त पडलं तर ताबडतोब थंड पाण्यात मीठ टाकून भिजवावं, गरम पाण्यानं डाग पक्का होतो. हे तुम्हाला सांगून ठेवते, दसऱ्यानंतर दोन्ही गावांत लागेल.

मी एक चूक पाहून राहिली, बाई. बंडी घातल्यापासून यांचं भ्यावच गेलं. आधी पाळीवर चारजणांना घेऊन जात, आता एकटे जातात. तिकडेही तसंच असेल. आपण जीव वाचवायला शिवलं अन् यांनी लढायला घातलं. केवलरामजींना पोटातल्या लेकराची आण घाला, पाय धरा, दार लावून घ्या. मी इकडे तेच करते.

ईश्वर दोघींचं कुंकू राखो.

आपली, शकुंतला


बेहडटोला, ७ ऑक्टोबर १९५२

ती. वहिनीस,

नमस्कार लिहायचं तोंड नाही, तरी लिहिते.

तुम्ही प्रेताजवळ होता, मला कोणी जवळ येऊ दिलं नाही. जे तुम्ही पाहिलं नाही ते मी पाहिलं, म्हणून सांगणं माझ्यावर आहे. मी आण घातली, पाय धरले. यांनी लाथेनं बाजूला सारलं. मी मागोमाग पळत पाळीवर गेली. लाठ्या अशा चालत होत्या जसा खळ्यावर धान झोडपतात. बंड्यांवर धप धप आवाज अन् कोणी पडेना, कोणी हटेना! नुसत्या अंगानं असते तर पहिल्या फेरीतच पळाले असते. मग डोक्यांवर मारू लागले. एकाचा कान लोंबताना पाहिला. यांनी तुडुमावर कुऱ्हाड घातली अन् दादानं यांचा गळा धरला. दोघं झोंबत झोंबत तुडुमाच्या खोल पाण्यात पडले.

यांच्या बंडीचा खांदा दादाच्या मुठीत होता. पाण्यात तो तसाच फाटला. माझे लांब टाके, वहिनी. सारे सरसर निघाले, बंडी अंगातून सुटली अन् हे उघडे वर आले. दादा वर आला नाही. एकदा त्याचा हात दिसला, पाठीमागे कस शोधत होता. मी ओरडली, कस कापा, कोणी कस कापा. दोन्ही गावच्या लोकांनी उड्या टाकल्या. बैरी म्हणून कोणी थांबला नाही. पण ती बंडी सुटता सुटेना.

यांना पोलिसांनी नेलं. तुम्ही मला शिव्या द्या, पण चिठ्ठी लिहा. गप्प राहू नका.

तुमची अभागी, धुरपता


हिवरटोला, २८ नोव्हेंबर १९५२

चि. सौ. धुरपताबाईस,

सौ. लिहिताना हात अडला. पण तुम्ही सौ. आहात, तर लिहिलंच पाहिजे.

तुमची चिठ्ठी वाचून मी ती बंडी काढली अन् विळ्यानं कापायला बसली. कस कापले, बाह्यांची कड कापली, पण माझी उलटी टीप विळ्यालाही दाद देईना. दातानं तोडली. हिरडीतून रक्त आलं तरी तोडली. ज्या हाताची तुम्ही एवढी तारीफ करत होता, त्यानंच माझा माणूस पाण्यात बांधून ठेवला. गादीची गोष्ट मीच तुम्हाला लिहिली होती. लिहिली, अन् शिवताना विसरली. तुम्ही नीट शिवलं असतं तर आपण दोघीही रांडावलो असतो, असं शेजारची मंदाबाई म्हणाली. तिला मी फडकं मारून हाकललं.

खोटं लिहिणार नाही. केवलरामजी सुटून आले हे कळलं त्या दिवशी मी तुमच्या गावचे धानाचे पुंजणे पेटवायला काडीपेटी घेऊन निघाली होती. अर्ध्या वाटेवर तुमच्या घराचा धूर दिसला. आठव्या महिन्याचं पोट घेऊन तुम्ही चुलीपुढे बसल्या असाल असं वाटलं, अन् वळली. त्यांना सांगा, तुडुमाजवळ दिसले तर आता मधे तुमचा भाऊ नाही, मी आहे, अन् विळा धार लावून ठेवला आहे. पाणी मात्र सोडत जाईन. तुडूम आता माझ्या हाती आहे. तुमच्या बांध्या तहानल्या ठेवून माझा माणूस परत येत नाही.

जमुनाबाईच्या टोपलीत येणाऱ्या लेकरासाठी दुपटं पाठवलं आहे. रुई नवी आहे, त्या बंडीतली नाही, भिऊ नका. कडुनिंब घातला आहे. शिवण पाहून हसाल. टाके सारे लांब लांब घातले, एक तुमच्या गावात अन् एक माझ्या. लेकरानं पाय झाडला की उसवलं पाहिजे.

लोभ आहे की नाही, मला अजून कळत नाही. तुम्ही मात्र ठेवा.

गं. भा. शकुंतला