मागची भिंत

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण आज तुमच्यावर मनसोक्त चिडायचं आहे. तुमच्या हयातीत ती सोय नव्हती.

आपल्या मागच्या भिंतीपलीकडं माझा शाळेतला मित्र राहतो. त्याचा खोकला मला न्हाणीत ऐकू येतो, त्याच्या घरच्या फोडणीनं मला ठसका लागतो. पण त्याला भेटायचं तर आपल्या गल्लीतून उलटं हमरस्त्याला जायचं, पेट्रोलपंपाला वळसा घालायचा, विश्रामबागेतली गर्दी चुकवायची आणि त्याच्या गल्लीच्या शेवटाला पोचायचं, म्हणजे पुन्हा आपल्याच भिंतीशी. दोघांचेही गुडघे गेलेत. दिवाळीपासून आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही.

याचं मूळ तुम्ही. लढाई संपली, तुम्ही पलटणीतून आलात, पाटणची जमीन भावांवर टाकून सांगलीबाहेर या माळावर जागा घेतलीत. तिच्या मधोमध बाजाराची पायवाट होती. बायका भाजीच्या पाट्या घेऊन परसातून जातात, आईशी दोन शब्द बोलतात, चुलीपाशी मूठभर मेथी ठेवतात, आणि तुम्ही ओसरीवर धुमसत बसता. एके सकाळी गाडीभर दगड येऊन पडले. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "आवं, वाट अडवू नगा. मानसं त्याच वाटंनं येत्यात."

"मला न्हाई पायजेत," तुम्ही म्हणालात. भिंत घातलीत, वर फुटक्या काचाही लावल्यात.

तुमचं बघून शेजाऱ्यानं घातली, त्याचं बघून पुढच्यानं. शहर वाढत वाढत मिरजेला भिडलं, पण इथली एक गल्ली दुसरीला मिळत नाही. मागं आग लागली तेव्हा बंब चुकून आपल्या दारात आला. भिंतीवरून धूर दिसत होता आणि ड्रायव्हर गाडी मागं घेत घेत मलाच शिव्या घालत होता. तुमच्या वाटणीच्या शिव्या मी खाल्ल्या, आबा.

शेवटी मुलगाच म्हणाला, भिंतीत एक लहानसं दार काढू. मित्र लहान पोरासारखा खूश झाला. गवंडी येऊन मापंही घेऊ लागला. तेवढ्यात शेजारीण कौतुकानं म्हणाली की बरं झालं, आता आम्हीही सगळे इकडूनच जात जाऊ. मला एकदम परसात मोटारसायकली दिसायला लागल्या, पोरंटोरं, तुडवलेली अबोली. मी गवंड्याला म्हणालो, सण होऊ दे, मग बघू.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही ते बरंच आहे. वाचून तुम्ही मिशीत हसला असता, आणि ते मला सोसलं नसतं.

संध्याकाळी पलीकडून हाक आली, "गड्या, गवंडी कवा येतोय रं?"

"उद्या," मी म्हणालो. परवाही मी उद्याच म्हणालो होतो.